इंजिनाचा श्वास आणि गवंड्याची नळी

बाजार समितीच्या आवारात पहाटे कधी गेलात, तर कांद्याच्या गोण्यांनी आणि टोमॅटोच्या क्रेटनी भरलेल्या पिकअप गाड्यांची रांग तुम्हाला दिसेल. त्यांत काही नव्या कोऱ्या, तर काही वीस-वीस वर्षे मुलुखभर धूळ खाल्लेल्या. या जुन्या गाड्यांच्या मालकांची एक तक्रार ठरलेली असते : भरलेली गाडी चढाला ओढत नाही. गाडीचे नाव पिकअप आणि तक्रारही ‘पिकअप नाही’ हीच! मग गॅरेजमध्ये कोणीतरी सल्ला देतो, “हा एअर क्लीनरचा जुनाट डबा काढून टाका. त्याच्याऐवजी शंकूसारखा उघडा ‘फ्री फ्लो’ फिल्टर लावा. इंजिनाला मोकळा श्वास मिळू दे, मग बघा गाडी कशी पळते ती!”

सल्ला ऐकायला पटण्यासारखा आहे. नाक चोंदले असले तर तुम्हालाही पळवत नाही. परंतु हा श्वास किती मोकळा होईल आणि त्यामुळे ताकद किती वाढेल, हे सल्ला देणारा सांगत नाही. ते मोजता येते. त्यासाठी लागणारे साधन कोणत्याही गवंड्याकडे असते आणि लागणारे गणित तुमच्या दहावीच्या पुस्तकात आहे.

प्रथम इंजिन हवा किती घेते ते पाहू. उदाहरणासाठी दोन लिटर क्षमतेचे, टर्बो नसलेले, चार सिलिंडरांचे फोर-स्ट्रोक डिझेल इंजिन घ्या. १९८८ साली टेल्कोने बाजारात आणलेल्या टाटामोबाइल या पिकअपचे इंजिन साधारण एवढेच होते. फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपले सगळे सिलिंडर हवेने भरते. मिनिटाला ३००० फेरे होत असतील, तर १५०० वेळा दोन-दोन लिटर, म्हणजे ३००० लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर काठोकाठ भरत नाहीत. शेकडा ८० भरतात असे धरले, तर मिनिटाला २४०० लिटर, अर्थात सेकंदाला ४० लिटर हवा झाली. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. तेव्हा एका लहानशा पिकअपचे इंजिन सुमारे साडेतीनशे माणसांचा श्वास एकटे घेत असते!

आता डिझेल इंजिनाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्या. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर दाबला की हवेच्या वाटेवरची एक झडप उघडते. बहुतेक जुन्या डिझेल इंजिनांत अशी झडप नसते. तेथे हवा नेहमी पूर्ण येते; ॲक्सिलरेटरने कमीजास्त होते ते डिझेल. एक किलो डिझेल पूर्णपणे जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. रिकामी गाडी सपाट रस्त्याने चालली असेल, तर सिलिंडरात याच्या दुपटीहून अधिक हवा असते. हवेची ओढाताण होते ती पूर्ण भार घेऊन चढ चढताना, आणि ती झाल्याची खूण म्हणजे धुराड्यातून निघणारा काळा धूर. गाडी धूर न सोडता चढत असेल, तर आणखी हवा देऊन ताकद फारशी वाढणार नाही, कारण पंप डिझेल पूर्वीइतकेच देणार आहे. चुलीत लाकडे तेवढीच ठेवायची आणि फुंकणी मात्र दोघांनी मारायची, तसा हा प्रकार होईल. काही जण मग पंपही ‘वाढवून’ घेतात. त्याने इंजिन तापते, धूर वाढतो आणि पीयूसीच्या तपासणीत गाडी अडकते. तो मार्ग आपण सोडून देऊ. यापुढे हवेच्या फायद्या-तोट्याचे जे टक्के येतील, ते ताकदीतील फरकाची वरची मर्यादा म्हणून वाचा. प्रत्यक्षातला फरक त्याहून कमीच असेल.

पाण्याने दाब मोजणे

घर बांधताना गवंडी पारदर्शक प्लॅस्टिकच्या लांब नळीत पाणी भरून दोन भिंतींची पातळी जुळवतो. तीच नळी यू आकारात एका फळीवर बसवा. प्रत्येक भुजा दीड मीटर उंच ठेवा आणि पाणी तळापासून अर्ध्या मीटरपर्यंतच भरा, म्हणजे ते इंजिनात ओढले जाण्याची भीती राहणार नाही. नळीचे एक टोक मोकळे राहील. दुसरे टोक फिल्टर आणि इंजिन यांच्यामधल्या होजपाइपला जोडायचे आहे. काही गाड्यांत तेथे फिल्टरच्या निर्देशकासाठी बूच लावलेले भोक असतेच. जोडणी मेकॅनिककडूनच करून घ्या आणि शिक्षकांना बरोबर घ्या. इंजिन चालू असताना पंख्याच्या व पट्ट्याच्या जवळ कोणी हात नेऊ नये, हे वेगळे सांगायला नकोच.

इंजिन सुरू झाले की होजपाइपमधील दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी होतो आणि त्या बाजूचे पाणी वर चढते. दोन भुजांतील पाण्याच्या उंचीतला फरक हेच आपले माप. पाणी नाचत असेल, तर कपडे वाळत घालण्याचा चिमटा लावून नळी थोडी दाबा. डिझेल इंजिनात हवेची झडप नसल्याचा फायदा येथे मिळतो : हवा किती ओढली जाईल हे फेऱ्यांवर ठरते, भारावर नव्हे. म्हणून घाटात न जाता गाडी जागेवर उभी ठेवून हा प्रयोग होतो.

दोन मापे घ्या, एक मिनिटाला १५०० फेऱ्यांना आणि दुसरे ३००० फेऱ्यांना. दुसरे माप काही सेकंदांतच उरका. टॅकोमीटर नसेल तर एखाद्या पेटी वाजवणाऱ्या मित्राला सोबत न्या. इंजिनाचा सूर बरोबर वरच्या सप्तकात गेला, की फेरे दुप्पट झाले!

समजा, १५०० फेऱ्यांना फरक ६ सेंमी. आला आणि ३००० फेऱ्यांना १८ सेंमी. हवा दुप्पट झाली, पण अडथळा तिप्पट झाला. असे का व्हावे?

याचे उत्तर दोन जुन्या प्रयोगांत आहे. फ्रान्समधील दिझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहणाऱ्या हेन्री डार्सी या अभियंत्याने वाळूच्या थरातून पाणी गाळण्याचे प्रयोग केले आणि १८५६ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. थरातून जाणारे पाणी दुप्पट करायचे असेल, तर दाबातील फरकही दुप्पटच लागतो. बारीक छिद्रांतून प्रवाह संथपणे, थरांथरांनी सरकत असतो, म्हणून हे सरळ प्रमाण राहते. मोठ्या नळीत वेगाने जाणाऱ्या प्रवाहाची तऱ्हा निराळी. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली मँचेस्टरमध्ये काचेच्या नळीत रंगाची धार सोडून दाखवले, की ठरावीक मर्यादेपलीकडे प्रवाह भोवऱ्यांनी भरून जातो. अशा खळाळत्या प्रवाहात वेग दुप्पट झाला तर अडथळा जवळजवळ चौपट होतो.

आपल्या गाडीत हे दोन्ही प्रवाह आहेत. सहा सेंमी. व्यासाच्या नळीचा छेद सुमारे २८ चौ. सेंमी. असतो. तिच्यातून सेकंदाला ४० लिटर हवा जायची, तर वेग सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर हवा. फिल्टरचा कागद मात्र घड्या घालून बसवलेला असतो. चार सेंमी. खोल आणि पंचवीस सेंमी. उंच अशा पन्नास घड्या धरल्या, तर दोन्ही बाजू मिळून दहा हजार चौ. सेंमी., म्हणजे पूर्ण एक चौरस मीटर कागद त्या डब्यात मावतो. तेवढ्याच हवेचा वेग येथे सेकंदाला अवघा चार सेंमी. उरतो. नळीत हवा मोटारीच्या वेगाने धावते आणि कागदातून मुंगीच्या चालीने जाते. यावरून अडथळा कोठे जास्त असण्याचा संभव आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

आता गणित मांडू. १५०० फेऱ्यांना कागदाचा अडथळा क आणि नळ्या, वळणे, तोंड यांचा मिळून अडथळा न माना.

क + न = ६
२क + ४न = १८

पहिल्या समीकरणाची दुप्पट दुसऱ्यातून वजा करा : २न = ६, म्हणून न = ३ आणि क = ३. म्हणजे ३००० फेऱ्यांना एकूण १८ सेंमी.पैकी कागदाचे फक्त ६ सेंमी. आणि नळ्यांचे १२ सेंमी. ज्या फिल्टरवर सगळे खापर फोडले जात होते, त्याचा वाटा एक तृतीयांश निघाला. माझ्या मते या सबंध विषयात एवढे दोन ओळींचे गणित सर्वांत मोलाचे आहे. ते केले तर पैसे कोठे खर्चावे हे गॅरेजमध्ये जाण्यापूर्वीच कळते.

सेंटिमीटर म्हणजे किती मीटर?

आता या सेंटिमीटरांचा ताकदीशी संबंध लावू. दहा सेंमी. पाण्याचा दाब हा वातावरणाच्या दाबाचा साधारण एक टक्का असतो. ‘फ्री फ्लो’ फिल्टरने कागदाचा अडथळा निम्मा केला असे उदारपणे मान्य केले, तरी ६ चे ३ सेंमी. होतील. फायदा ३ सेंमी.चा, म्हणजे एक टक्काही नाही, ०.३ टक्का!

हीच गोष्ट डोळ्यांपुढे आणण्याचा दुसरा मार्ग आहे. दख्खनच्या पठारावर एक घनमीटर हवेचे वजन साधारण १.१ किलोग्रॅम भरते. शंभर मीटर उंचीचा हवेचा स्तंभ चौरस मीटरवर ११० किलोग्रॅम भार टाकतो. तेवढाच भार ११ सेंमी. खोल पाणीही टाकते. म्हणजे नळीतला प्रत्येक सेंटिमीटर इंजिनाला नऊ मीटर उंचावर नेऊन ठेवल्यासारखा आहे. ३ सेंमी.चा फायदा म्हणजे गाडी २७ मीटर खाली उतरली, इतकेच. एखाद्या टेकाडाच्या माथ्यावरून पायथ्याशी आल्यावर गाडी जास्त ओढते असे कोणत्याही ड्रायव्हरला कधी जाणवले आहे का?

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डिझेल इंजिनांचे निर्माते फिल्टर बदलण्याची मर्यादा पुष्कळदा ५० ते ६० सेंमी. पाण्याच्या आसपास देतात. इतका चोंदलेला फिल्टर घेऊन वाईत उभी असलेली गाडी जवळजवळ पाचगणीची हवा घेत असते. अख्खा पसरणीचा घाट तिच्या नाकात बसलेला असतो. तेव्हा काळा धूर निघणे आणि चढाला दम लागणे साहजिक आहे. अशा वेळी जुना फिल्टर काढून कोणताही नवा बसवला, तरी गाडी सुधारते. मालकाला वाटते की महागड्या फिल्टरची ही करामत. ती साध्या नव्या कागदानेही झालीच असती.

पेट्रोल गाड्यांबद्दल एक नोंद करून पुढे जाऊ. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली इंधन-इंजेक्शनच्या पेट्रोल मोटारींवर चाचण्या केल्या. चोंदलेल्या फिल्टरने वेग घेण्याची क्षमता घटली, परंतु इंधनाच्या खर्चात लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. फिल्टरचा अडथळा वाढला, की ती वर सांगितलेली झडप थोडी अधिक उघडली जाते आणि हिशेब जुळतो.

आता बॉनेटखालची उष्णता पाहा. उघडा शंकू बॉनेटच्या आत, रेडिएटरच्या मागे बसतो. बाहेर ३५ अंश सेल्सिअस असताना आतली हवा सहज ६० अंशांवर जाते. केल्विनमध्ये हे अनुक्रमे ३०८ आणि ३३३. दाब तोच असेल तर घनता तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. ३०८ ला ३३३ ने भागा : ०.९२५. साडेसात टक्के हवा गेली! एका हाताने ०.३ टक्का मिळवायचा आणि दुसऱ्या हाताने त्याच्या पंचवीसपट घालवायचा, असा हा व्यवहार आहे. जुन्या डब्याचे ते ओबडधोबड नळकांडे बॉनेटच्या बाहेरची गार हवा आणत असते. त्याची किंमत ते काढून फेकल्यावर कळते.

फिल्टर म्हणजे चाळण नव्हे

इथवर आपण फक्त ताकदीचा विचार केला. पण फिल्टर ताकदीसाठी नसतोच. कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाडीमागे जो दाट लोट उठतो, त्याच्या एका घनमीटरमध्ये एक ग्रॅमच्या आसपास धूळ असू शकते. मिनिटाला २४०० लिटरच्या हिशेबाने इंजिन तासाभरात १४४ ग्रॅम धूळ ओढील. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. ते पोलादी चाकूवरही ओरखडा काढतात. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचा लायनर यांच्यामध्ये तेलाचा पडदा असतो तो काही मायक्रॉन जाडीचा. पाच ते वीस मायक्रॉनचा कण त्या पडद्यात शिरला, की तो कानशीसारखा दोन्ही पृष्ठभाग घासत राहतो. तुमचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो, म्हणजे हे कण सुटे असताना डोळ्यांना दिसतही नाहीत. रिंगा गेल्या, की इंजिन तेल जाळू लागते, मग खोलून कामच काढावे लागते. भाजीपाल्याच्या हंगामात गाडी पंधरा दिवस गॅरेजात पडली आणि वर इंजिनाच्या कामाचे बिल आले, तर कुटुंबाचे वर्षाचे गणित बिघडते.

फिल्टरच्या कागदाच्या तंतूंमधील फटी पुष्कळदा या कणांपेक्षा मोठ्या असतात. तरीही कण अडकतात. कसे? अरुंद बोळाच्या वळणावर भरधाव आलेला सायकलवाला समोरच्या भिंतीवर जातो, चालणारा माणूस मात्र वळतो. हवा तंतूला वळसा घालून जाते, जड कण जडत्वामुळे सरळ जाऊन तंतूवर आदळतो आणि चिकटतो. मध्यम कण वळतात, पण कडेने जाताना तंतूला घासून अडकतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी भरकटत जाऊन तंतूला लागतात. रॉबर्ट ब्राऊन यांनी १८२७ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली हालचाल ती हीच. पुढे अडकलेली धूळच नव्या धुळीला अडवू लागते. म्हणून थोडा मळलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा चांगले काम करतो! ही गोष्ट माहीत नसल्याने पुष्कळ ड्रायव्हर दर आठवड्याला फिल्टर आपटतात आणि कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारतात. त्याने उपयोगी थर उडतो आणि कागदाला बारीक छिद्रे पडतात. अंधारात फिल्टरच्या आत बल्ब धरून पाहा. टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला, तरी तो फिल्टर बाद समजा.

फिल्टरची गाळण्याची क्षमता आयएसओ ५०११ या प्रमाणाप्रमाणे प्रयोगशाळेत तपासतात. त्यासाठी मोजून सोडायची प्रमाणित धूळ मुळात अमेरिकेच्या ॲरिझोनाच्या वाळवंटातली होती. तेथून येणारे आकडे वाचताना मात्र सावध राहा. समजा, एक फिल्टर ९९.५ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९७ टक्के. फरक अडीच टक्क्यांचा वाटतो. पण इंजिनाला अडलेल्या धुळीशी कर्तव्य नाही, आत आलेल्या धुळीशी आहे. शंभर ग्रॅममधून पहिल्याने अर्धा ग्रॅम सोडली, दुसऱ्याने तीन ग्रॅम. म्हणजे सहापट!

मग जुन्या पिकअपमध्ये करण्याजोगे काय आहे? सर्वांत आधी होजपाइप. डबा आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर गेली असेल किंवा क्लिप सैल असेल, तर धूळ फिल्टरला बगल देऊन सरळ आत जाते, मग फिल्टर सोन्याचा असला तरी व्यर्थ. काही जुन्या जीप आणि पिकअपना अजून ऑइल बाथ क्लीनर आहे. त्यात हवा तेलाच्या पृष्ठभागावर उलटी वळते आणि जड कण तेलात पडतात. युक्ती सुरेख आहे. पण इंजिन मंद चालले की हवेचा वेग घटतो, जडत्वाचा जोर कमी पडतो आणि बारीक धूळ निसटते. त्याच्या जागी मोठा कागदी फिल्टर असलेला बंद डबा बसवणे ही खरी सुधारणा. कागदाचे क्षेत्रफळ दुप्पट झाले की त्यातला वेग निम्मा, म्हणून अडथळाही निम्मा, आणि धूळ साठायला जागा जास्त. कच्च्या रस्त्याची गाडी असेल, तर ट्रॅक्टरवर असते तसे हवा गरगर फिरवून जड धूळ आधीच बाजूला काढणारे भांडे पुढे जोडावे.

नळ्यांचे १२ सेंमी. कमी करायचे तर वळणे कमी आणि मोठ्या त्रिज्येची ठेवा, आतून गुळगुळीत आणि शक्य तर थोडी रुंद नळी घ्या. नळीचे तोंडही पाहा. नुसत्या कापलेल्या नळीच्या धारदार काठावर हवा फाटून भोवरे होतात. तेच तोंड सनईच्या तोंडासारखे पसरट आणि गोल केले, तर तेथील तोटा जवळजवळ नाहीसा होतो.

हे तोंड कोठे ठेवायचे याचा विचार पावसाळा डोळ्यांसमोर ठेवून करा. गार हवेच्या मोहाने काही जण ते बंपरमागे, खाली नेतात. आपल्या दोन लिटरच्या इंजिनात एका सिलिंडरचे आकारमान ५०० घन सेंमी. संपीडनाचे प्रमाण २० धरले, तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरणारी जागा ५०० भागिले १९, म्हणजे सुमारे २६ घन सेंमी. चहाचे पाच चमचे! हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. ओढ्याच्या पुलावर साचलेल्या पाण्यातून एका सिलिंडरात याहून थोडे जरी जास्त पाणी शिरले, तरी वर येणाऱ्या पिस्टनला जागाच उरत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून तोंड बॉनेटच्या उंचीवर किंवा त्याहून वर, केबिनच्या खांबाला लागून, पावसाची झड लागणार नाही असे वळवून घ्यावे. तेथे धूळही चाकांजवळच्या मानाने कमी असते.

काम झाल्यावर गवंड्याची नळी पुन्हा लावा आणि दोन्ही मापे घ्या. ती तारखेसह डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. पुढे दर दोन महिन्यांनी ३००० फेऱ्यांचे माप घेऊन त्याखाली लिहीत चला. गाडीच्या पुस्तिकेत मर्यादा दिलेली असेल तर ती पाळा. दिलेली नसेल, तर आकडा ५० सेंमी.ला पोहोचण्याआधी फिल्टर बदला, आणि तोपर्यंत झाकण उघडून त्याला हात लावू नका.